वहीवालीचं वळण

“सापडला नाही तरी लिहायचं. रिकामी ओळ सोडायची नाही. तारीख घालून पुढे ‘निरंक’ लिहायचं. एवढं एक पाळा म्हणजे झालं.”

कॉलेजच्या बाईंनी धक्क्यावर उभं राहून हे सांगितलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा बाराही होड्यांच्या माणसांनी माना हलवल्या होत्या. बाईंबरोबर आलेल्या मुलामुलींनी सगळ्यांना एकेक पिवळी टेप, एकेक वही आणि टोपी वाटली. टोप्या उन्हात कामाला आल्या. टेपेने कुणी दाराची चौकट मोजली, कुणी नातवाची उंची. वह्यांचं काय झालं ते विचारायलाच नको. नेम धरला तो तिने एकटीने, आणि म्हणून धक्क्यावर तिचं नाव वहीवाली पडलं.

मोजायचा मासा या तलावातला नव्हताच. शहरात कुणाच्या तरी काचेच्या टाकीत, काच चाटून साफ ठेवायला पाळलेला; मोठा झाला, टाकीत मावेना, तेव्हा कुणीतरी आणून पाण्यात सोडला असणार. अंगावर खवल्यांऐवजी कडक कवच, बाजूंना काटे. म्हणून सगळे त्याला पत्र्या म्हणत. खायचा नाही, विकायचा नाही. जाळ्यात आला की काटे फाकवून बसे. मग जाळं तरी कापा, नाहीतर बोटं तरी. शिवाय काठाच्या मातीत बिळं करून अंडी घाली, काठ आतून पोकळ होऊन ढासळे. किती आहेत, कुठे आहेत हे कळल्याशिवाय सरकार हलणार नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. आणि ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार, असंही म्हणाल्या होत्या. हे शेवटचं तिच्या मनात बसलं. दहावीनंतर तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

थंडी सरत आली होती. सकाळी पाण्यावर धुकं इतकं की वल्ह्याचं टोक दिसू नये. नवरा जाळं ओढत होता, ती ओढलेलं जाळं घडी घालून घेत होती. हात बधिर झालेले.

“थांबा, ओढू नका. एक आहे.”

“असू दे.”

“असू दे काय? फाटेल.”

“फाटलंच आहे. शिवायला आई बसलीय.” त्याने हात थांबवले. “चल, मोज लवकर तुझ्या जावयाला. त्याचा मान झाल्याशिवाय आमचं काही व्हायचं नाही.”

तिने पत्र्याच्या काट्यांभोवतीचा दोरा एकेक करून सोडवला. शेवटचा काटा अंगठ्याच्या नखाखाली गेला. तिने अंगठा तोंडात धरला, रक्त पाण्यात थुंकलं, आणि मासा फळीवर ठेवून टेप लावली. “एकतीस.” मोबाइलवर फोटो घेतला. मग लाकडी दांडका हातात घेतला. पत्र्या पाण्याबाहेरही तासन्‌तास जगतो. म्हणून जिवंत परत सोडायचा नाही, असं ठरलेलं. दर वेळी दांडका उचलण्याआधी ती हळूच म्हणायची, “माफ कर रे.” पहिल्या वर्षी नवरा हसला होता. आता तो तेवढा वेळ वल्हं थांबवून धरायचा.

त्यांचं पाणी म्हणजे तलावाचं वळण. काठ तिथे कोपरासारखा आत वाकलेला. वारा कमी, खोली चांगली. कुठल्या होडीने कुठे जाळं टाकायचं हे आजे-सासऱ्यांच्या वेळेपासून ठरलेलं होतं, कागद कुठेच नव्हता. सासूबाईंनी या वळणात चाळीस वर्षं वल्हं मारलं. आता गुडघे गेले; त्या दारात बसून जाळी शिवत आणि आलेल्या-गेलेल्याला टोमणे मारत.

दर शनिवारी कॉलेजची चष्मेवाली मुलगी सायकलवरून यायची. पायरीवर बसून वहीतल्या नोंदी मोबाइलमध्ये भरायची. सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

“एवढे डोळे बारीक करतेस. मासे काय त्या मोबाइलात आहेत?”

“आता तिथेच आहेत आजी.”

“मग जाळं पण तिथेच टाका म्हणावं. आमच्या सुनेची बोटं तरी वाचतील.”

वहीवाली चहा ठेवता ठेवता विचारायची, “सगळं घेतलंस ना गं?”

“घेतलं ताई.” मुलीचा अंगठा भराभर चाले. काही पानं ती वाचून भरत होती, काही नुसतीच उलटत होती. वहीवालीला वाटे, पाठ झालं असेल पोरीला.

एकदा तापाने तिला उठवेना. नवरा एकटा गेला. परत आल्यावर तिने पांघरुणातूनच विचारलं, “किती?”

“एकही नाही.”

“नीट बघितलंत?”

“अगं नाही म्हणतोय ना!”

“जाळ्याची खालची बाजू बघितलीत?”

तो वही आणि पेन तिच्या उशाशी आदळून गेला. पडल्यापडल्याच तिने तारीख घातली आणि लिहिलं, निरंक. गेल्या वर्षभरात होडी दोनशे बारा सकाळी पाण्यावर गेली होती. त्यातल्या एकशे एकोणचाळीस ओळी अशा होत्या.

मग बैठकीचं बोलावणं आलं. चष्मेवालीने सांगितलं, “ताई, तुमचा सत्कार आहे. दादांना पण आणा.” तिने नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री केली. कॉलर विरली होती, ती उलटी करून शिवली.

तलाव कार्यालयाची खोली भरली होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर किरकिरणारा पंखा, भिंतीवर पांढरा पडदा. पुढे मत्स्यखात्याचे साहेब, शेजारी कॉलेजच्या बाई. सगळ्या होड्यांची माणसं आली होती. पुढच्या रांगेत पाय लांब करून कप्तान बसला होता. त्याची होडी सगळ्यात मोठी, इंजिन त्याचं, बर्फाची शेड त्याची. म्हणून तो कप्तान.

आधी तिचं प्रमाणपत्र. सर्वाधिक नोंदींबद्दल. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, साहेबांनी फोटोसाठी कागद दोन्ही बाजूंनी धरायला लावला. टाळ्या वाजल्या. नवराही वाजवत होता, कॉलर सांभाळत.

मग खोलीतला दिवा घालवला आणि पडद्यावर तलाव आला. निळा, स्वच्छ. आणि त्याच्या एका कोपऱ्यात, वळणात, लाल ठिपक्यांचा नुसता गोवर उठलेला.

“एकशे चौसष्ट,” साहेब म्हणाले. “सगळे एकाच जागी. बाकी तलाव स्वच्छ आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. आता करायचं काय, तर ही जागा बंद करायची. तोंडावर जाळीचा बांध घालायचा. आतली मासेमारी दोन वर्षं बंद.”

तिला आधी कळलंच नाही. शेजारी नवऱ्याचे हात मांडीवर तसेच राहिले, टाळी वाजवायच्या बेताने. मागून कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला, तो तिला मानेवर जाणवला.

ती उठली. प्रमाणपत्राची गुंडाळी हातात.

“साहेब, बाकीकडे कुणी मोजलंच नाही.”

“काय?”

“म्हणजे... आम्हीच मोजलं. म्हणून आमच्याकडेच दिसतात. तिकडे नाहीत असं नाही.”

“तिकडची नोंद आहे का?”

“नाही.”

“मग बाई, नोंदीशिवाय मी काय बोलणार?”

कप्तान मान न वळवता म्हणाला, “आमच्याकडे असते तर आम्ही नसतं का लिहिलं? आम्हाला काय प्रमाणपत्र नको होतं?”

खोली हसली. ती उभीच राहिली.

“आणि माझे निरंक? एकशे एकोणचाळीस आहेत. एवढे दिवस काही सापडलं नव्हतं. ते कुठे दिसतात?”

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मेवालीकडे पाहिलं. मुलीचं तोंड पांढरं पडलं.

“ताई, त्या फॉर्ममध्ये...” ती इतकं हळू बोलली की पंखा मोठा वाटला. “लांबी भरल्याशिवाय तो पुढे जातच नाही. मी आधी शून्य टाकून बघितलं. चुकीची लांबी म्हणतो. म्हणून ते दिवस मी... सोडले.”

“सगळे?”

मुलीने मान खाली घातली. साहेब पुढच्या पानावर गेले.

पाचव्या दिवशी माणसं आली आणि वळणाच्या तोंडाला तरंगत्या नारिंगी गोळ्यांची जाळी बांधून गेली. होडीच्या नाकावर लाल रंगाने फुली मारली. घरातली चारही जाळी औषधाच्या पिंपात बुडवायला नेली. परत आली तेव्हा निळी पडली होती आणि हाताला चिकटत होती. सासूबाईंनी एक वास घेतला आणि जाळं मांडीवरून खाली ढकललं.

“हे शिवायचं नसतं. पुरायचं असतं.”

होडी दुसरीकडे टाकावी तर प्रत्येकाचं पाणी ठरलेलं. नवरा दोघांकडे जाऊन आला. एक म्हणाला, बघू. दुसरा म्हणाला, तुझी होडी आमच्या पाण्यात नको रे बाबा, तुमच्याकडचा पत्र्या घेऊन येईल. तुमच्याकडचा! नळावर बायका बादल्या सरकवून घेऊ लागल्या.

“अगं, जरा लांब ठेव तुझी. अंडी चिकटतात म्हणे.”

“बादलीला?” वहीवालीने विचारलं.

“आम्हाला काय कळतंय. तूच शिकलेली.”

आठवड्याने नवरा कप्तानाच्या शेडमध्ये कामाला जाऊ लागला. बर्फाच्या लाद्या फोडायच्या, क्रेट भरायचे, पाठीवरून गाडीत चढवायचे. स्वतःच्या होडीचा माणूस दुसऱ्याचा रबरी एप्रन घालून उभा राहिला. पहिल्याच दिवशी ती त्याचा डबा घेऊन गेली, तेव्हा कप्तान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता, “वहीवाले, फावडी मोजून टाका हां बर्फाची. तुमच्या घरात सवय आहे मोजायची!” सगळे हसले. नवराही हसला. ते हसणं तिने याआधी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. डबा दाराशी ठेवून ती परतली.

तो तिला काही बोलला नाही, हेच कठीण होतं. ओरडला असता, वही फाडली असती, तरी चाललं असतं. तो यायचा, पाय धुवायचा, जेवायचा. बर्फाने त्याच्या बोटांची टोकं फुटली होती. घास तोंडाशी नेताना तो ती दुमडून घ्यायचा. सासूबाई एकदा म्हणाल्या, “घरात माणसं राहतात की भांडी? भांडी तरी वाजतात.”

एक दिवस संध्याकाळी मोरीच्या कडेला पाय धूत असताना, पाठ तिच्याकडे करून तो म्हणाला, “अकरा होते.”

“काय?”

“आज. कप्तानाच्या जाळ्यात. काल सात. शेडच्या मागे खड्डा आहे, त्यात टाकायला लावतात. छोटे असले तर तसेच पाण्यात फेकतात, कोण खड्ड्यापर्यंत जाणार म्हणून. मी मोजले.” त्याने पायावर तांब्या ओतला. “सवय लागलीय.”

अकरा. त्यांच्या वळणात एका सकाळी चारच्या वर कधी आले नव्हते. ती उठून आत गेली. फळीवरची वही घेऊन आली. पेनाचं टोपण काढलं तेवढ्यात त्याने ओल्या हाताने वही मिटली.

“नाही. मी तुला सांगितलं. वहीला नाही.”

“पण हे खरं आहे.”

“खरंच आहे. त्या खड्ड्यापर्यंत जाणारा मी एकटा आहे. उद्या हे लिहिलेलं दिसलं तर कुणी सांगितलं, हे कप्तानाला विचारावं लागेल का?” त्याचा हात वहीवरून निघत नव्हता. कागद भिजत होता. “आता एवढंच काम आहे आपल्याकडे. माझं मोजणं कुठे लिहायचं नाही. शब्द दे.”

आतून सासूबाईंचा खोकला आला, मग थांबला. त्याही ऐकत होत्या.

“दिला,” ती म्हणाली.

त्यानंतर बरोबर तिसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. बरोबर चष्मेवाली. खुर्ची एकच, बाई बसल्या नाहीत, पायरीवरच टेकल्या. बैठकीनंतर त्या पहिल्यांदाच येत होत्या आणि बोलायला सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळत नव्हतं.

“चूक हिची नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला निरंक लिहायला मी सांगितलं. फॉर्ममध्ये त्याला जागा आहे का, हे मी बघितलंच नाही. दोन वर्षं.”

वहीवालीने चहाचे कप त्यांच्यापुढे ठेवले. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. आता त्या नारिंगी जाळीला पण सांगा.”

बाईंनी ते गिळलं.

“तेच सांगायला आले. तलावभर पत्र्या आहे असं दाखवता आलं, तर एकट्या वळणाला बंद ठेवण्यात अर्थ नाही, हे साहेबांना मान्य करावं लागेल. मग उलट सगळ्यांनाच पकडायला सांगावं लागेल. महिनाअखेर ते फेरविचार करणार आहेत. पण दुसऱ्या बाजूची नोंद हवी. एकही होडी द्यायला तयार नाही. तुमच्या कानावर काही आलंय का? कुणाच्या जाळ्यात किती येतात, काहीही?”

अकरा. सात. आकडे तिच्या जिभेवर येऊन बसले. दारात नवऱ्याचा ओला एप्रन वाळत होता. बाई तिच्याकडे बघत होत्या, मुलगी तिच्याकडे बघत होती, आणि सासूबाई मुद्दाम दुसरीकडे.

“नाही,” ती म्हणाली. दोन वर्षांत खोटं असं तिने हे पहिलं सांगितलं, आणि तेही वहीच्या बाईंना. तिचे कान तापले.

बाई उठायला लागल्या, तेव्हा ती घाईने म्हणाली, “बिळं चालतात का?”

“कसली?”

“पत्र्याची. काठातली. पाणी उतरलंय, उघडी पडली असतील. त्याला होडी लागत नाही आणि कुणाला विचारावंही लागत नाही. काठ सगळ्यांचा आहे.”

चष्मेवालीने बाईंकडे पाहिलं. “फॉर्ममध्ये बिळं ‘इतर’मध्ये जातील मॅडम. नकाशावर ठिपका नाही येणार.”

“फॉर्म राहू दे,” बाई म्हणाल्या. “मी कागदावर नकाशा काढीन. फोटो आणि जागा असली की साहेबांसमोर ठेवता येईल.” मग त्या वहीवालीकडे वळल्या आणि आवाज उतरला. “पण मी खात्री देत नाही. फेरविचार होईल, न होईल. कदाचित ते सगळाच तलाव बंद करतील. मग शेड पण बंद. तुमचे यजमान...”

“कळतंय मला.”

“मग विचार करून सांगा.”

“काठ केवढा आहे?”

“सगळा धरला तर चौदा किलोमीटर.”

“दिवसाला दोन. आठवड्यात होईल. घरचं आवरून निघायला हवं, म्हणून सकाळीच.” तिने रिकामा कप उचलला. “मी मोजून देते. जिथे नसतील तिथे नाहीत असंही लिहीन. ते तुम्ही सोडायचं नाही. हा शब्द तुमचा मला.”

बाईंनी मान हलवली. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला.

त्या दोघी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “कप्तानाचा काठ कुठून सुरू होतो, माहितेय ना?”

“शेडपासून.”

“मग तिथून सुरू नको करूस. शेवटी कर. तोवर पोराला महिन्याचं तरी मिळेल.”

तिने यावर रात्र काढली नाही. तेवढा वेळच नव्हता. पण विचार केला. शेवटी ठेवलं तर तोवर बोभाटा होऊन बिळं बुजवली जातील. फावड्याच्या दोन फटक्यांचं काम. सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

सकाळी नवरा एप्रन घालत होता, तेव्हा ती जुने गमबूट चढवत होती. त्याने पाहिलं. वळण बंद झाल्यापासून ती या वेळी कुठे जात नव्हती.

“कुठे?”

“काठाने. बिळं मोजायला. बाईंना कबूल केलंय.” आणि लगेच, “तुम्ही सांगितलेलं त्यात एक अक्षर नाही. मला माझ्या डोळ्यांनी दिसेल तेवढंच.”

तो एप्रनच्या गाठीशी खेळत राहिला. फुटलेल्या बोटांना गाठ बसेना. ती पुढे झाली आणि त्याच्या पाठीमागे जाऊन तिने ती बांधली.

“सगळंच बंद करतील,” तो म्हणाला.

“करतील कदाचित.”

“मग खायचं काय?”

बाहेर कप्तानाच्या इंजिनाचा आवाज सुरू झाला. उशीर झाला तर आज पुन्हा सगळ्यांसमोर बोलणी बसणार होती. तो दाराशी गेला, थांबला, आणि बाहेर बघतच म्हणाला, “शेडच्या पुढे वरून चालू नकोस. काठ आतून पोकळ आहे, पायाखालून जाईल. खालून जा, पाण्याला धरून.”

“बरं.”

तो गेला. धक्क्यावरून सरळ गेलं तर शेड पाच मिनिटांवर होती; पण शेडच्या दारात बर्फ फोडत तो उभा असणार, कप्तान शेजारी असणार, आणि ती समोरून गेली की काहीतरी बोललं जाणार, आणि त्याला पुन्हा तसं हसावं लागणार. तिने दार ओढून घेतलं आणि घरांच्या मागून, उकिरड्याच्या बाजूने शेडच्या पलीकडे काठावर उतरणारी लांबची वाट धरली.